शनिवार-मंगळवारच्या मधला बर्फ

…तर तो डासवाला इन्स्पेक्टर माइलो पावडरचा रिकामा डबा हातात धरून दारात उभा, आणि सुरेश टेंभुर्णे त्याला समजावून सांगतोय की साहेब, हा डबा नाही, हे पाऊस मोजायचं यंत्र आहे. इथवर काल आलो होतो. आता पुढं ऐका.

सिंगापुरात साचलेलं पाणी म्हणजे गुन्हा. कुंडीखालच्या बशीत चमचाभर सापडलं तरी अळ्या शोधायला माणसं घरी येतात, बॅटरी मारून बघतात. आणि इथं तर सेम्बावांगमधल्या सुरेशच्या इमारतीत, नवव्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या कठड्याला तारेनं बांधलेला अख्खा डबा, तळाशी चांगलं बोटभर पाणी. इन्स्पेक्टर तरुण होता, मलय होता आणि सभ्यही होता. म्हणाला, "अंकल, धिस वन कॅनॉट लाह." म्हणजे हे चालायचं नाही.

सुरेशनं आत जाऊन वही आणली. सतरा वर्षांची वही. रोज सकाळी सातला किती मिलिमीटर पाऊस, किती डिग्री, वारा कुठला. म्हणाला, "हे बघ. रोज सातला मी पाणी ओततो. अळीचा डास व्हायला आठवडा लागतो. माझ्या डब्यात तिला चोवीस तास मिळत नाहीत. ती बिचारी काय करणार?"

इन्स्पेक्टर वहीकडं बघतोय, सुरेशकडं बघतोय. त्याच्या फॉर्मवर 'वही' असा रकानाच नव्हता. तेवढ्यात आतून बेबी आली. बेबी म्हणजे सुरेशची बायको. नाव बेबी आणि वय तेव्हा पंचेचाळीस. हिंगणघाटकडं मुलीचं नाव बेबी ठेवलं की ती आजी झाली तरी बेबीच राहते. तिनं इन्स्पेक्टरच्या हातातला डबा घेतला, पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं, आपली एक जुनी ओढणी फाडून डब्याच्या तोंडावर ताणून बांधली आणि डबा पुन्हा कठड्याला अडकवला. मग म्हणाली, "नाऊ मॉस्किटो ऑल्सो कॅनॉट."

तो पोरगा हसला. म्हणाला, "ओके, आंटी. यू वॉच धिस मॅन." आणि गेला. पावसाचं यंत्र वाचलं. ही गोष्ट दोन हजार अकराची, बेबी धडधाकट होती तेव्हाची.

आता एवढं वेड या माणसाला लागलं कुठून, ते सांगायला हवं. सुरेश नागपूरला डिप्लोमा करून चौऱ्याण्णव साली सिंगापुरात आला आणि आंग मो किओच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात लागला. काम कसलं, तर ज्या खोलीत चिप बनतात त्या खोलीची हवा राखायची. एकवीस डिग्री म्हणजे एकवीस. साडेएकवीस झाली की घंटा. ओल इतकी म्हणजे इतकीच. धुळीचा कण दिसता कामा नये. वर्षानुवर्षं त्यानं ही हवा राखली. ज्याचा अख्खा दिवस हवा बदलू न देण्यात जातो, त्याला बाहेरच्या हवेचं वेड लागलं तर त्यात नवल ते काय?

आणि वेड्याला वेडे भेटतातच. वन-नॉर्थला एका सॉफ्टवेअर कंपनीत निशिकांत नावाचा पुण्याचा मॅनेजर होता. त्याला लहानपणापासून नकाशावरचे ढग बघायचा नाद. विनीता म्हणून एक संशोधक बाई होत्या. असे करत करत अकरा जण जमले आणि त्यांनी आपल्या टोळीचं नाव ठेवलं 'गारठा मंडळ'. ज्या देशात बारा महिने तीस-बत्तीस डिग्री, त्या देशात गारठा मंडळ. दर रविवारी आंग मो किओच्या हॉकर सेंटरात, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडपात बसायचं, कोपी म्हणजे इथली कॉफी प्यायची आणि दुसऱ्यांच्या थंडीवर बोलायचं. सैबेरियातून थंड हवा निघाली का, चीन ओलांडला का, हाँगकाँगला किती, तैपेईला किती. मोबाइलवर दोन नकाशे बघायचे, एक अमेरिकेच्या संगणकानं काढलेला, एक युरोपच्या. दोघांचं पटलं की आनंद, नाही पटलं की वादाला विषय.

बेबी म्हणायची, "लोकांच्या घरी लगन अन् हे इथं बसून अक्षता मोजतात."

पण खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त ओढ बर्फाची तिलाच होती. तिची आई हिंगणघाटच्या जिनात कामाला. सरकीपासून कापूस वेगळा करतात ते जिन. शाळा सुटली की बेबी फाटकापाशी आईची वाट बघत उभी राहायची. आत यंत्रांचा एवढा धडधडाट की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि हवेत पांढरं तरंगत असायचं, आईच्या केसांवर, पापण्यांवर बसलेलं. चौथीतल्या गुरुजींनी एकदा सांगितलं, थंड मुलखात आभाळातून बर्फ पडतो तो असाच दिसतो, फक्त पडताना आवाज होत नाही. हे तिच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. एवढं आभाळभर पांढरं पडतंय आणि आवाज नाही, हे होईलच कसं?

लग्न झाल्यावर तिनं हे सुरेशला सांगितलं. सुरेश म्हणाला, "विमानाच्या देशात चाललोय आपण. एकदा दाखवतोच तुला."

पण माणसाची सुट्टी त्याची कुठं असते? एका वर्षी बाप आजारी, एका वर्षी भावाचं लग्न, एका वर्षी गावातल्या बुद्धविहाराचा स्लॅब. वर्षाची सुट्टी आली की विमान नागपूरलाच. पोरगी झाली, तिचं नाव प्रियदर्शिनी. ती इथंच वाढली, इथंच शिकली, इथल्या मुलांसारखं बोलायला लागली. जुरोंगला एका मोठ्या इमारतीत यंत्रानं बर्फ केलेला असतो, तिथं शाळेची सहल गेली तेव्हा पालक म्हणून बेबीही गेली. परत आल्यावर सुरेशनं विचारलं, "कसा होता?" म्हणाली, "होता. पडलेला होता. मला पडताना पाहिजे."

मग बारा साली तिच्या किडन्या गेल्या.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. या तीन दिवशी सकाळी अकराला डायलिसिस सेंटरवर जायचं, चार तास खुर्चीत बसायचं, हाताला दोन सुया, अंगातलं सगळं रक्त यंत्रातून धुऊन परत आत. दिवसाला पाणी अर्धा लिटर, चहा-भाजीतलं धरून. सुरेशनं वहीत नवा रकाना पाडला. डाव्या बाजूला पाऊस मिलिमीटरमध्ये, उजव्या बाजूला बेबीचं पाणी मिलिलिटरमध्ये. फार तहान लागली की नर्सनं सांगितलं होतं, बर्फाचा एक खडा तोंडात धरा. बेबी खडा गालात धरून म्हणायची, "बर्फ दाखवतो म्हणाले होते. आता रोज चघळायला देतात."

सुरेश हसायचा, आणि मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहायचा.

डॉक्टरांना त्यानं विचारलं, लांब कुठं नेता येईल का हिला? डॉक्टर म्हणाले, शनिवारी दुपारी सुटते, मंगळवारी सकाळी परत खुर्चीत यायला हवी. मधल्या वेळात जिथं जाऊन येता येईल तिथं जा, पण मंगळवार चुकवू नका.

म्हणजे आता हिशेब बघा कसा झाला. युरोप, अमेरिका, काश्मीर सगळं गेलं. विमानानं चार-साडेचार तासांत पोचता येईल असं ठिकाण, म्हणजे हाँगकाँगचा नाहीतर तैपेईचा डोंगर. आणि तिथं, जिथं दहा-दहा वर्षांत एकदा बर्फ पडतो, तिथं तो शनिवार संध्याकाळ ते सोमवार दुपार एवढ्याच वेळात पडायला हवा. लोक पावसाची वाट बघतात, हा माणूस एका विशिष्ट रविवारची वाट बघत होता. आणि गारठा मंडळाचे अकराही जण हळूहळू तोच रविवार शोधायला लागले. नकाशा उघडला की आधी वार बघायचे. विनीताबाई म्हणायच्या, "थंडी छान येतेय, पण बुधवारी. बुधवारचं काय करायचं?"

चौदा सालच्या फेब्रुवारीत सुरेशला वाटलं, सापडला. अमेरिकेच्या नकाशानं हाँगकाँगच्या डोंगरावर रविवारी बर्फ दाखवला. युरोपचा नाही म्हणत होता. सुरेशनं एकाच नकाशावर भरवसा ठेवला आणि बेबीला घेऊन गेला. वर पोचले तर पाऊस. गार, बारीक, आडवा पाऊस. छत्री उलटी झाली. बेबी म्हणाली, थांबू थोडं, आता होईल त्याचा बर्फ. तीन तास थांबली. झाला नाही. परतली ती ताप घेऊनच. छातीत पाणी झालं, अकरा दिवस हॉस्पिटलात होती. प्रियदर्शिनी पलंगाच्या पलीकडून बापाला म्हणाली, "पप्पा, प्लीज. नेव्हर अगेन. शी अल्मोस्ट डाइड, यू नो?"

त्या दिवशी सुरेशनं नियम केला आणि मंडळानं तो उचलून धरला. दोन नकाशे, दोन वेळा. दोन्ही नकाशे लागोपाठ दोनदा एकच गोष्ट बोलले तरच बेबीला विमानात बसवायचं. नाहीतर नाही.

आता या नियमात वाईट काय आहे, सांगा. चांगलाच नियम होता.

सोळा सालचा जानेवारी उजाडला आणि वीस तारखेच्या आसपास चीनवरून अशी थंडी खाली उतरायला लागली की मंडळातले जुनेजाणते म्हणाले, आपल्या हयातीत अशी बघितली नाही. आणि वार? रविवार. चोवीस जानेवारी. निशिकांत त्या आठवड्यात ऑफिसातल्या मीटिंगमध्ये टेबलाखाली नकाशे बघत होता. गुरुवारी दुपारी दोन्ही नकाशे एका सुरात बोलले, तैपेईच्या मागच्या डोंगरावर रविवारी बर्फ. सुरेश त्या वेळी सेंटरवर बेबीच्या खुर्चीशेजारी बसला होता. त्यानं मोबाइल तिच्यासमोर धरला. निळ्या रंगात मधे एक गुलाबी ठिपका.

"हा गुलाबी म्हणजे?"

"बर्फ."

"अन् आपण कुठं?"

"आपण नकाशाच्या बाहेर. खाली."

बेबी त्या ठिपक्याकडं बघत राहिली. सुया होत्या त्या हाताचा अंगठा तेवढा हलला.

"एकदा झालं," सुरेश म्हणाला. "उद्या दुपारी पुन्हा असंच आलं की निघायचं."

प्रियदर्शिनीला फोन केला. ती म्हणाली, "दोन्ही चार्ट्स? यू शुअर?" आणि तिनंच शनिवारच्या संध्याकाळच्या विमानात दोन जागा धरून ठेवल्या. शुक्रवारी सहापर्यंत नक्की करायचं होतं. पासपोर्ट तोवर सिंगापूरचे, लाल झाले होते, व्हिसाची कटकट नव्हती. डॉक्टर म्हणाले, गरम कपडे घाला, पाणी मोजून प्या, मंगळवारी या.

शुक्रवारी सुरेश कामावर गेला. दुपारी जेवायच्या सुट्टीत कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यानं अमेरिकेचा नकाशा उघडला. गुलाबी ठिपका जागच्या जागी, उलट थोडा फुगलेला. त्यानं ताट बाजूला सरकवलं. मग तीनला युरोपचा आला. थंडी होती, कालच्यापेक्षा जास्तच होती. पण ओल नव्हती. कोरडी थंडी. ढगात पाणीच नाही तर बर्फ पडणार कशाचा?

त्यानं निशिकांतला फोन लावला. "बघितलास?"

"बघितला," निशिकांत म्हणाला. "कोरडं म्हणतोय."

"अमेरिकेवाला हो म्हणतोय."

"चौदाला पण तो हो म्हणत होता, सुरेश."

फोन कानाशी धरून सुरेश कारखान्याच्या जिन्यात खाली बसला.

"हे बघ," निशिकांत म्हणाला, "मी तुझ्या जागी असतो तर नसतो गेलो. तिथं चार डिग्रीत वाऱ्यावर उभं करणार वहिनींना, आणि पडलं काहीच नाही तर? नियम आपण उगाच केला का? अजून फेब्रुवारी आहे अख्खा. थांब."

आंग मो किओ ते सेम्बावांग गाडी सरळ जाते, बदलावी लागत नाही. त्या दिवशी सुरेश एक स्टेशन पुढं गेला आणि परत आला. घरी पोचला तेव्हा सव्वापाच झाले होते. बेबी ओट्यापाशी ज्वारीचं पीठ मळत होती. तिनं हात थांबवला. त्याच्याकडं बघितलं फक्त.

त्यानं मोबाइल काढला आणि ओट्याला टेकून तिला दोन्ही नकाशे समजावून सांगितले. थंडी म्हणजे काय, ओल म्हणजे काय, डोंगर किती उंच, नकाशा काय धरतो. चांगली दहा-पंधरा मिनिटं. पीठ वाळत होतं. ती मान डोलवत होती, जशी चौथीत गुरुजींपुढं डोलवली असेल.

"म्हणून या वेळी नको," तो म्हणाला. "फेब्रुवारीत पुन्हा येईल लाट. तेव्हा बघू."

"बरं," बेबी म्हणाली. हाताला पाणी लावलं आणि भाकरी थापायला घेतली.

सुरेशनं प्रियदर्शिनीला कळवलं. तिकडून उत्तर आलं, "ओके पप्पा. बेटर सेफ लाह."

शनिवारी सेंटर झालं. रविवारी सकाळी सुरेश मंडळात गेला. दहा वाजले असतील. कोपीचे कप आले होते, कुणीतरी कायाटोस्ट, म्हणजे नारळ-अंड्याचा जॅम लावलेला पाव, मागवला होता, आणि एकेकाचा फोन वाजायला लागला. तैपेईच्या डोंगरावर बर्फ पडत होता. नुसता डोंगरावर नाही, पार खाली, बसच्या टपांवर, चहाच्या मळ्यात, घाटात अडकलेल्या मोटारींवर. लोक चपला घालून रस्त्यावर आले होते, म्हाताऱ्या माणसांनी हात पुढं केले होते. टेबलावर एकानं थाप मारली आणि म्हणाला, "अमेरिकावाल्यानं बाजी मारली की." दुसरा उठून उभाच राहिला. अकरा माणसांनी सहा वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर पडत होतं, आनंद होणारच. त्यांचा दोष नाही. मग विनीताबाईंचं लक्ष सुरेशकडं गेलं. त्यांनी आपला फोन टेबलावर पालथा ठेवला. त्यांचं बघून शेजारच्यानं ठेवला. टेबलावर अकरा फोन पालथे, आणि कुणी कपाला हात लावेना. निशिकांत तेवढा मान खाली घालून टोस्टचे तुकडे करत बसला.

सुरेश उठला. म्हणाला, "येतो. बेबी एकटी आहे."

वाटेत त्याचा विचार एकच, हिला कळू द्यायचं नाही. घरी गेल्या गेल्या त्यानं टीव्हीच्या मागची वायर सैल केली. बेबी आतून आली, तेव्हा बटण दाबून दाखवलं. "बिघडला वाटतं."

"बरं झालं," बेबी म्हणाली. "डोळे दुखतच होते."

दोन दिवस टीव्ही बंद राहिला. शेजारच्या चिनी आजी दारावरून जाताना काही बोलायला थांबल्या तर सुरेश आधीच पुढं होऊन पावसाचं काढायचा. रेडिओवर बातम्या लागल्या की स्टेशन बदलायचा. बेबीनं एकदाही विचारलं नाही की तिकडं काय झालं. सुरेशला वाटलं, विसरली असेल. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो बघा.

मंगळवारी सेंटरवर तिला खुर्चीत बसवून तो आपल्यासाठी पाण्याची बाटली आणायला बाहेर गेला. परत येताना काउंटरवरची नर्स त्याला म्हणाली, "अंकल, आंटीनं मला स्नोचा व्हिडिओ दाखवला. सो ब्युटिफुल. नेक्स्ट डोअरच्या पोपोची नात तैपेईला शिकते ना, तिनं पाठवला म्हणे संडेला."

संडेला. म्हणजे तो हॉकर सेंटरात होता तेव्हा शेजारच्या आजी दार वाजवून आल्या होत्या, मोबाइल हातात घेऊन. तो वायर सैल करत होता तेव्हा तिचं सगळं बघून झालं होतं.

नर्स हसून म्हणाली, "आंटी म्हणते, चांगला आहे पण नीट ऐकू येत नाही, लोकच ओरडतायत. मी म्हटलं, आंटी, स्नोला आवाज नसतो. तर म्हणाली, तेच तर ऐकायचंय."

सुरेश आत गेला. बेबी डोळे मिटून पडली होती. चार तास तो शेजारी बसला. यंत्राचं चाक फिरत होतं. घरी येताना बसमध्ये त्यानं धीर करून विचारलं, "तू बघितलंस?"

"काय?"

"ते… रविवारचं."

बेबीनं खिडकीबाहेर बघितलं. म्हणाली, "उद्या मेथी मिळाली तर आणा. दोन जुड्या आणा. एक त्या आजींना देऊ."

बस. त्यानंतर तो विषय त्या घरात निघाला नाही. दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट दोघांनी एकमेकांपासून आठ महिने लपवली. टीव्हीची वायर त्यानं बुधवारी घट्ट केली. फेब्रुवारीत लाट आली ती सोमवारी आली आणि गुरुवारी गेली.

सप्टेंबरात बेबीच्या हाताला, सुया टोचायच्या त्या जागी, जंतू शिरले. अंगभर पसरले. तीन दिवस हॉस्पिटल. बावीस तारखेला, गुरुवारी, सेंटरच्याच वेळेला ती गेली. मंडाईच्या दाहगृहात तिला नेलं. जुरोंगहून, पुंगोलहून मराठी बौद्ध कुटुंबं आली, त्रिशरण झालं, पंचशील झालं. प्रियदर्शिनीला पालीतलं सगळं पाठ होतं. ती एकदाही न अडखळता म्हणाली आणि शेवटी बापाच्या खांद्यावर कोसळली. गारठा मंडळाचे सगळे मागं ओळीनं उभे होते. निशिकांत सर्वांत मागं.

सुरेशच्या वहीत त्या आठवड्याचा पाऊस नाही. गावी-परगावी गेल्याचे दिवस सोडले तर बावीस वर्षांत पहिल्यांदा. डबा भरून वाहिला. चिनी आजींनी तो ओतला, दोनदा ओतला, आणि कठड्यावर पालथा घालून ठेवला.

मग सुरेश हॉकर सेंटरात गेला नाही. मंडळाच्या निरोपांना उत्तर दिलं नाही. कारखान्यातली हवा मात्र राखत राहिला. एकवीस म्हणजे एकवीस.

अठरा सालच्या जानेवारीत गंमत अशी झाली की सिंगापूरच गारठलं. आठवडाभर पावसाची रिपरिप आणि पारा बावीसवर. इथल्या लोकांना बावीस म्हणजे हिमालय. गाडीत माणसं जाकिटं घालून, पोरांच्या डोक्याला टोप्या, हॉकर सेंटरात सूपच्या दुकानापुढं रांगा. मंडळाच्या मोबाइल ग्रुपवर थट्टा सुरू झाली, उद्या सेम्बावांगला बर्फ पडणार, सुरेशच्या डब्यात साठणार. कुणीतरी लिहिलं आणि लगेच पुसलं. आणि महिना संपता संपता दोन्ही नकाशे तैपेईच्या डोंगरावर रविवारी बर्फ दाखवायला लागले. एकदा नाही, लागोपाठ दोनदा.

निशिकांत सेम्बावांगला आला. न कळवता. हातात बाकरवडीचा पुडा. सुरेशनं दार उघडलं, चहा ठेवला. दोघं बाहेर कॉरिडॉरमध्ये खुर्च्या टाकून बसले. पाऊस चालू होता. डबा पालथाच होता.

"सगळे चाललोय," निशिकांत म्हणाला. "शनिवारी संध्याकाळचं विमान. तू चल. दोन्ही नकाशे, दोन वेळा. या वेळी शंकाच नाही."

"तुम्ही जा," सुरेश म्हणाला. "मीही बघितले नकाशे. पडेल."

"बघतोस अजून?"

"सवय आहे."

चहा झाला. कप खाली ठेवून निशिकांत कठड्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "सुरेश, दोन वर्षं विचारीन विचारीन म्हणतोय. त्या शुक्रवारी मीच तुला अडवलं. मी तसं बोललो नसतो तर तू गेला असतास. वहिनींनी बघितला असता. तुझा माझ्यावर राग आहे का? असेल तर असू दे, पण सांग एकदा."

सुरेशनं पाऊस बघत उत्तर दिलं, ते निशिकांतनं पुढं ज्याला ज्याला सांगितलं त्याला याच शब्दांत सांगितलं:

"राग कसला रे. नकाशा त्याच्या जागी बरोबर होता, तूही बरोबर होतास. त्या शुक्रवारी सकाळी मी डबा ओतून आत आलो, तर बेबी आरशापुढं स्वेटर घालून उभी. सिंगापुरात, पंखा बंद करून. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, बाही उसवलीय का बघते. आणि मी बाही बघितली, निशिकांत. चष्मा लावून दोन्ही बाह्या नीट बघितल्या, उसवलेल्या नाहीत म्हणून सांगितलं आणि कामावर गेलो."